मैदानाला पाच फेऱ्या

उशीर झाला की मैदानाला पाच फेऱ्या. गृहपाठ विसरलात तर दहा. माझ्या शाळेत हा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ होता. मी स्वतः फार फेऱ्या मारल्या नाहीत, कारण मी घाबरट होते आणि घाबरट मुलांचा गृहपाठ नेहमी झालेला असतो. पण माझा बाक खिडकीला लागून होता आणि खाली कुणी ना कुणी रोज पळत असायचं. मान खाली, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि वर प्रत्येक खिडकीत बघणारी चार-पाच तोंडं. पळणं ही काहीतरी चुकलेल्या माणसाने करायची गोष्ट आहे, हे मला त्या खिडकीने शिकवलं. ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं, म्हणून नीट लक्षात राहिलं.

बरोबर उत्तराला चॉकलेट मिळायचं. वाढदिवसालाही चॉकलेट. स्पर्धेत नंबर आला की काहीतरी गोड. म्हणजे दहा वर्षं शाळेने रोज न चुकता एकच धडा घेतला: गोड हे बक्षीस, धावणं ही शिक्षा. आणि मग वर्षातून एकदा सभागृहात बसवून कुणीतरी सांगायचं, मुलांनो, गोड कमी खा आणि रोज व्यायाम करा.

पुढे मी त्याच धंद्यात आले. शिक्षिका झाले तेव्हा कुणालाही फेऱ्या मारायला लावायच्या नाहीत एवढं मनाशी ठरवलं होतं, आणि ते पाळलंही. त्याचा मला बरीच वर्षं अभिमान होता. टेबलाच्या खणात चॉकलेटचा डबा मात्र होता. माझा विषय जीवशास्त्र. पचनसंस्थेवर प्रश्न विचारायचे आणि उत्तर देणाऱ्याच्या हातावर साखर ठेवायची, यात काही विनोद आहे हे मला कळायला आठ-नऊ वर्षं लागली.

दुसरा गुन्हा त्याहून मोठा. मी खेळाचे तास मागून घ्यायचे. पोर्शन मागे पडला की सगळेच घ्यायचे. शिक्षकांच्या खोलीत हे उघडपणे आणि अगदी प्रेमाने चालतं. गणिताचा तास कुणी कुणाकडे मागत नाही. तो मागणं म्हणजे अपमान. खेळाच्या सरांकडे मात्र जाता जाता विचारायचं, "सर, आज तुमचा तास घेऊ का?" ते म्हणायचे, "घ्या की मॅडम." इतक्या वर्षांत ते एकदाही नाही म्हणाले नाहीत. त्यांना काय वाटत असेल, हे मीही कधी विचारलं नाही.

अशाच एका मागून घेतलेल्या तासाला मी आठवीच्या वर्गात अस्थिसंस्था शिकवत होते. फळ्यावर मांडीचं हाड काढलं होतं. हाड ही जिवंत गोष्ट आहे, त्यावर भार पडला की ते स्वतःला भक्कम करतं, भारच पडला नाही तर आतून विरळ होत जातं, असं सांगत होते. मागून एका मुलाने हात वर केला.

"मॅडम, मग आत्ता आपली हाडं काय करतायत?"

वर्ग हसला. मीही हसले. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न घरापर्यंत माझ्यासोबत आला.

कारण त्याचं उत्तर मला माहीत होतं. मुली साधारण बाराव्या वर्षी आणि मुलगे चौदाव्या वर्षी सगळ्यात वेगाने उंच होतात. त्या वेगाच्या शिखराच्या आगेमागे जी दोनेक वर्षं असतात, तेवढ्यात माणूस आपल्या प्रौढ सांगाड्यातल्या खनिजांचा सुमारे चौथा हिस्सा जमा करतो. आयुष्यभराच्या ठेवीतले चार आणे, दोन वर्षांत. फिनलंडमधल्या संशोधकांनी १९९५ साली टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांचे दोन्ही हात तपासून पाहिले. ही तपासणीची कल्पनाच मला फार आवडते, कारण तुलना करायला दुसरं माणूस लागत नाही: एका हाताने रॅकेट धरली, दुसऱ्याने नाही, बाकी खाणंपिणं, आईवडील, वय सगळं तेच. खेळणाऱ्या हाताचं हाड अर्थातच जास्त भरीव निघालं. पण ज्यांनी पाळी सुरू होण्याच्या सुमारास किंवा त्याआधी खेळायला सुरुवात केली होती, त्यांच्यातला हा फरक, पाळीनंतर पंधराहून अधिक वर्षांनी रॅकेट हातात धरणाऱ्यांच्या तुलनेत दुपटी-चौपटीने मोठा होता. उशिरा सुरू केलेल्या खेळाचा उपयोग होतोच. पण दार तेवढं उघडं राहत नाही.

आणि त्या दाराच्या तोंडावर बसून मी हाडाची आकृती काढून घेत होते. सुबक, नावांसहित.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटं तरी धाप लागेल असं काहीतरी करावं, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस त्यात स्नायूंना आणि हाडांना जोर देणारं काही असावं. २०१९ च्या अखेरीस याच संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या सुमारे १६ लाख शाळकरी मुलांची माहिती एकत्र करून मांडली. अकरा ते सतरा वयोगटातली ८१ टक्के मुलं त्या साठ मिनिटांपर्यंत पोचत नव्हती. मुलग्यांमध्ये ७८, मुलींमध्ये ८५.

हे आकडे ऐकले की मोठी माणसं ताबडतोब म्हणतात, मोबाईल. असेलही. पण मी खिडकीत बसायचे तेव्हा मोबाईल नव्हता आणि मी तरीही खिडकीतच बसायचे. सात वर्षांच्या मुलाला मधल्या सुट्टीत एका जागी बसवून दाखवा, मी तुमचा सत्कार करीन. ते मूल चालत नाहीच; ते इथून तिथे पळतच जातं, कारण नसताना. तेच मूल चौदाव्या वर्षी भिंतीला टेकून उभं राहतं. मधे काय झालं?

माझ्यापुरतं सांगू शकते. मधे दोन कप्तान झाले. खेळाच्या तासाला वर्गातले दोन दांडगे पुढे यायचे आणि आळीपाळीने गडी निवडायचे. पहिली पाच-सहा नावं झटपट. मग जरा विचार करून. मग चेहऱ्यावर कंटाळा घेऊन. शेवटी आम्ही दोघी-तिघी उरायचो आणि "तू घे", "नको, तूच घे" अशी आमची देवाणघेवाण चालायची. लहानपणी गल्लीत कच्चं लिंबू असायचं तेव्हा बरं वाटायचं. कच्च्या लिंबाला कुणी बाद करत नाही, पण खेळू देतात. शाळेत ती सवलत संपली. मग मी पोटात दुखायला लावलं. महिन्याचे चार दिवस खरंच दुखायचं, उरलेले सव्वीस दिवस त्या चारांच्या पुण्याईवर काढले. कुठल्याही सरांनी कधी हिशेब केला नाही. तो विषयच त्यांना नकोसा होता.

आता मी टेबलाच्या पलीकडून तेच ऐकते. "मॅडम, पोटात दुखतंय." त्यातल्या निम्म्या खऱ्या आणि निम्म्या माझ्यासारख्या, आणि मला दोन्ही ओळखू येत नाहीत. पण कधीतरी एकीला विचारलं, दुखत नसतं तर खेळली असतीस का? ती म्हणाली, "पॅन्ट पांढरी आहे ना मॅडम." एवढंच. त्या एका वाक्यावर एक कमिटी बसायला हवी होती. खेळाच्या गणवेशाचा रंग ज्यांनी ठरवला, त्यांना पांढरा रंग स्वच्छ वाटला असणार.

मुलग्यांचं दुखणं वेगळं असतं. चौदा वर्षांचा मुलगा वर्षभरात आठ-दहा सेंटीमीटर वाढतो आणि त्याचे हातपाय त्याच्या ओळखीचे राहत नाहीत. गेल्या वर्षी जो चेंडू सहज झेलायचा, तो हातातून निसटतो. काहींच्या गुडघ्याखाली नडगीच्या हाडावर टेंगूळ येतं, उडी मारली की ठणकतं. १९०३ साली ऑसगुड आणि श्लॅटर या दोन डॉक्टरांनी, एकाने अमेरिकेत आणि एकाने स्वित्झर्लंडमध्ये, एकमेकांना न सांगता त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला दोघांचं नाव आहे. वाढ थांबली की ते बहुतेक वेळा आपसूक शमतं. पण ते शमेपर्यंत त्या मुलाला "नाटकं करतो" हे ऐकून घ्यावं लागतं. मी असा एक मुलगा पाहिला, जो पुन्हा मैदानावर आलाच नाही. गुडघा बरा झाला होता.

आणि वजन. दरवर्षी उंची-वजन घ्यायचे, तेव्हा एक जण काट्याजवळ उभं राहून आकडा मोठ्याने ओरडायचं आणि दुसरं लांब बसून वहीत लिहायचं. मधे पन्नास मुलं रांगेत. त्या काळात मला आकडा ऐकून हसणाऱ्या मुलींचा राग यायचा. आज वाटतं, लिहिणाऱ्याला दोन पावलं पुढे बसायला काय हरकत होती? मुलांना हालचाल नकोशी नसते. हालताना कुणी बघितलेलं नको असतं. या वयात सगळं शरीर रोज बदलतं आणि आपण ते भर मैदानात मोजायला काढतो.

तर, त्या मांडीच्या हाडानंतर मी एक गोष्ट केली. फार नाही. खेळाच्या सरांशी पहिल्यांदा धड बोलले. ते म्हणाले, त्यांनाही कप्तान नको असतात, पण एका तासात पन्नास मुलं, दोन चेंडू. निवडानिवड त्यांनी नाही, आकड्याने लावलेली आहे. हे मला सुचलंच नव्हतं. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत २०१२ साली मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी मुलांना रोज पंधरा मिनिटं बाहेर काढायला सुरुवात केली: हवं तर चाला, हवं तर पळा, गणवेश बदलायचा नाही, नंबर नाहीत, साधारण मैलभर होतं. डेली माईल नावाने ते पुढे कित्येक देशांतल्या शाळांत गेलं. सरांनी ते ऐकलं होतं. "पण ती लहान मुलं आहेत मॅडम," ते म्हणाले. "आपली मुलं म्हणतील, हे काय बालवाडीसारखं."

तरीही आम्ही ते आमच्या शाळेत सुरू केलं. बरोबर तसंच झालं. पहिल्या दिवशी मुलांनी चालताना प्रेतयात्रेचा चेहरा केला. दुसऱ्या आठवड्यात एका टोळक्याने शॉर्टकट शोधला. गोल मैदानात शॉर्टकट शोधणं ही खरं तर भूमितीची शाबासकी होती. तिसऱ्या आठवड्यात पाऊस. मला वाटलं, संपलं. मग एक दिवस, निव्वळ वैतागून, मी स्वतः चालायला लागले. साडी खोचून, हातात तपासायच्या वह्या. माझ्या बाजूने दोन मुली चालत होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहून वेग वाढवला, मीही वाढवला, आणि आम्ही तिघींनी एकमेकींना मागे टाकायचं आहे हे कबूल न करता पंधरा मिनिटं काढली. मला धाप लागली. ती मुलांना दिसली. त्या दिवसापासून शिक्षकांपैकी कोण येतं आणि कुणाला किती धाप लागते, हा त्यांचा करमणुकीचा विषय झाला, आणि चालणं टिकलं. हसण्याचं गिऱ्हाईक बदललं की बराच फरक पडतो.

सगळे आले असं नाही. चार-पाच मुली कट्ट्यावर बसूनच राहिल्या. त्यांच्यासाठी सरांनी मागच्या हॉलची किल्ली काढून दिली आणि आत त्या दोऱ्या घेऊन काय करायच्या ते मी बघायला गेले नाही. बघायचं नाही, हीच अट होती. पांढऱ्या पॅन्टचं प्रकरण मात्र दीड वर्ष चाललं. शेवटी गडद निळा रंग आला. कारण म्हणून नोंद झाली, "डाग लवकर पडतात". डाग मातीचे, असं गृहीत धरून.

खाण्याच्या बाबतीत मी जास्त चुका केल्या.

आधी तक्ते लावले. फळांचे, भाज्यांचे, हसऱ्या गाजराचे. पंधरा वर्षांच्या मुलाला हसरं गाजर दाखवणं म्हणजे आपण त्याला ओळखत नाही हे जाहीर करणं. मग चाळिशीत काय काय रोग होतात ते सांगितलं. त्यांनी सहानुभूतीने ऐकलं, कारण चाळिशी माझ्या चेहऱ्यावर दिसत होती. मग ख्रिस्तोफर ब्रायन, डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांचा २०१६ सालचा एक प्रयोग वाचनात आला. टेक्सासमधल्या आठवीच्या पाचशेहून जास्त मुलांपैकी काहींना नेहमीसारखी आरोग्याची माहिती वाचायला दिली. काहींना मात्र वेगळंच: खाद्यकंपन्या पदार्थ असे घडवतात की हात थांबू नये, वेष्टनावर ते पौष्टिक असल्याचा भास निर्माण करतात, लहान मुलांना गाठून जाहिराती करतात. दुसऱ्या दिवशी वेगळ्याच निमित्ताने खाऊ निवडायला दिला, तेव्हा दुसऱ्या गटातल्या मुलांनी चटकमटक आणि गोड पेयं कमी उचलली. पटतं मला. या वयात "तुझ्या भल्यासाठी" हे शब्द कानात शिरत नाहीत. "तुला कुणीतरी मूर्ख बनवतंय" हे लगेच शिरतात.

मग मी रिकामी वेष्टनं आणायला सांगितली. भिंगं दिली, कारण अक्षरं तेवढीच होती. साखर कुठे कुठे कुठल्या नावाने लपली आहे ते शोधायचं. एका ३३० मिलिलिटरच्या कोलाच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. चहाचा चमचा चार ग्रॅमचा धरला तर नऊ चमचे होतात. एका मुलीने टेबलावर एक-एक चमचा मोजत ढीग घातला. सातव्या चमच्याला वर्ग गप्प झाला होता. ज्या पेयांवर फळाचं चित्र होतं, त्यातल्या एकात फळाचा रस शोधायला आम्हाला भिंगही पुरलं नाही. त्या तासाला मी काहीही उपदेश केला नाही, हे माझ्या कारकिर्दीत दुर्मीळ.

मी खुशीत होते. दोन महिन्यांनी लक्षात आलं की चमचे मोजणारी तीच मुलगी मधल्या सुट्टीत डबा उघडत नाही. उघडलाच तर मैत्रिणींना वाटून टाकते. आता ती सगळंच मोजत होती. मी तिच्याशी बोलले, आईशी बोलले, समुपदेशक बाईंना मध्ये घेतलं. वेळेत झालं असं आज म्हणता येतं. पण तेव्हापासून "चांगलं अन्न", "वाईट अन्न" हे शब्द मी वर्गात टाकून दिले. चाळीस मुलांपुढे बोललेलं वाक्य चाळीस जणांत वेगवेगळं जाऊन पडतं. ज्याने ऐकायला हवं तो ऐकत नाही, आणि जिने ऐकलं नसतं तरी चाललं असतं ती अक्षरशः पाळते.

वाढत्या वयाला खाणं कमी नको, भरपूर हवं. याचा उल्लेख तक्त्यांवर कधीच नसतो. चौदा ते अठरा वयात मुलीला रोज १५ मिलिग्रॅम लोह लागतं आणि मुलग्याला ११, अशी अमेरिकेतली शिफारस आहे. मुलींची गरज जास्त कारण दर महिन्याला ते वाहून जातं. वर्गात शेवटच्या तासाला डोकं टेकून झोपणाऱ्या मुलीला आपण आळशी म्हणतो तेव्हा ती कदाचित नुसती रिकामी असते. पालेभाज्या आणि कडधान्यांतलं लोह शरीरात जायला थोडं आंबट फळ मदत करतं आणि जेवणाबरोबरचा चहा आडवा येतो. हे एवढं मी सांगते. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, म्हणून ते ऐकलं जातं.

आणि मग घड्याळ. एकदा मधल्या सुट्टीत मी नुसतं पाहत उभी राहिले. घंटा, हात धुण्याची रांग, पाण्याची रांग, जागा शोधणं. घास तोंडात जाईपर्यंत नऊ मिनिटं गेली होती. उरलेल्या अकरा मिनिटांत खायचं, खेळायचं आणि वर्गात परत यायचं. चघळावं लागेल असं काही डब्यात असेल तर ते परत घरी जाणार, हे ठरलेलंच. पाकीट फोडून खायचं काही असेल तर चालता चालता संपतं. आम्ही वर्षभर मुलांना निवड शिकवत होतो, आणि वेळापत्रकाने निवड आधीच करून ठेवली होती. सुट्टी दहा मिनिटांनी वाढवावी म्हणून अर्ज केला. पाच मिनिटं मिळाली. पाण्याचा आणखी एक नळ मिळाला, तो जास्त कामाचा निघाला.

खणातला डबा मी रिकामा केला. बरोबर उत्तराला आता काही मिळत नाही. पहिला महिनाभर मुलं हात पुढे करून थांबायची, मग विसरली. उत्तरं तेवढीच बरोबर येतात, तेवढीच चूक. शाळेत फेऱ्यांची शिक्षा अजून पूर्ण थांबलेली नाही. एक-दोघे अजून देतात, आणि मी खिडकीतून पाहते. परवा एक मुलगा तशा फेऱ्या मारत होता आणि त्याच्याबरोबर त्याचे दोन मित्र, ज्यांना कुणी सांगितलं नव्हतं, गप्पा मारत पळत होते. शिक्षा देणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

परीक्षा तोंडावर आहे. उत्सर्जनसंस्थेचा धडा राहिलाय. काल खेळाच्या सरांकडे गेले. त्यांनी माझा चेहरा ओळखला आणि सवयीने मान हलवायला सुरुवातही केली. मी म्हटलं, "काही नाही सर. तुमची शिट्टी ऐकू आली नाही आज, म्हणून विचारायला आले." ते जरा थांबले. मग खिशातून शिट्टी काढून बाहेर गेले.

धडा अजून अर्धाच आहे.